भुयारी बंकर पाहायला न्यायचाय, आठवीतली एक मुलगी व्हीलचेअरवर आहे. माहिती हवी

आर्वीचे_मास्तर

नमस्कार मंडळी.

मी आर्वी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवतो. जानेवारीत आठवीची सहल मुंबईला न्यायचं ठरून राहिलं. पुलगावहून विदर्भ एक्सप्रेसनं जायचं, दोन दिवस राहायचं, परत यायचं. पोरांना समुद्र पाहायचा आहे, तो तर पाहूच. माझ्या मनात मात्र मलबार हिलच्या राजभवनातला बंकर आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. २०१६ साली राजभवनाच्या आवारात जमिनीखाली ब्रिटिशांच्या काळातला बंकर सापडला. आत १३ खोल्या. काही खोल्यांना 'शेल स्टोअर', 'कार्ट्रिज स्टोअर', 'वर्कशॉप' अशी नावं. कित्येक दशकं तो बंदच होता. २०१९ मध्ये तिथं संग्रहालय झालं आणि जून २०२२ मध्ये आत 'क्रांतिगाथा' नावाचं क्रांतिकारकांचं दालन उघडलं. इंग्रजांनी जिथं दारूगोळा ठेवला, तिथंच आज इंग्रजांशी लढलेल्यांची ओळख करून देतात. इतिहासाच्या मास्तरला याहून चांगला वर्ग कुठं मिळणार?

आता अडचण सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. पाठीच्या कण्यात जन्मापासून दोष असल्यानं तिला चालता येत नाही, कमरेखाली स्पर्शही कमीच कळतो. तालुक्याच्या शिबिरात मिळालेली व्हीलचेअर वापरते. घडी होते, पण जड आहे. पोरगी लय हुशार. तिचे आजोबा पुलगावच्या दारूगोळा डेपोत हमाल होते. पेट्यांच्या थप्प्या कशा लावायच्या, दोन थप्प्यांत अंतर काहून सोडायचं, आत जाताना काडीपेटी फाटकावर का काढून ठेवावी लागे, हे सगळं तिनं त्यांच्या तोंडून ऐकलेलं. मी वर्गात या बंकरचं सांगत होतो, तर तिनं मधेच विचारलं, "सर, गोळे खाली ठेवले तर वर तोफेपर्यंत नेत कसे होते?" बाकी कोणाच्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. माझ्याही नाही.

मागची सहल माझ्याकडे नव्हती. तेव्हा एका गडाच्या पायथ्याशी तिला बसमध्येच बसवून ठेवलं, सोबतीला एक बाई थांबल्या. पोरं खाली आल्यावर तिनं एकेकाला विचारून गडाचा नकाशा वहीत काढला. तो नकाशा तिनं मला दाखवला तेव्हाच ठरवलं, यंदा असं होऊ द्यायचं नाही.

तर प्रश्न असा. अशा भुयारी जागेत व्हीलचेअर जाते का, आणि फोन करून विचारायचं तर नेमकं काय विचारायचं? युद्धाच्या काळातली भुयारं, बंकर कुणी व्हीलचेअरवरून पाहिले असतील, देशातले की परदेशातले, तर अनुभव सांगा. माझे दोन सहकारी म्हणतात, "चार दांडगी पोरं आहेत, उचलून नेऊ." ते मनापासून म्हणतात. मला ते पटून नाही राहिलं, पण का, ते त्यांना नीट सांगता येत नाही.

---

परतवाड्याहून

मास्तर, तुमचा प्रश्न वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं.

मी स्वतः व्हीलचेअरवर आहे. अठराव्या वर्षी विहिरीच्या कठड्यावरून पडले, तेव्हापासून. परतवाड्यात सेवा केंद्र चालवते. सातबारा, दाखले, पीक विम्याचे फॉर्म, दिवसभर हेच. इतिहासाची ओढ वडिलांमुळं लागली आणि भाऊ लंडनला असल्यामुळं थोडं तिकडचंही पाहता आलं. कुठंही जायचं म्हटलं की जमिनीखाली काय आहे ते मी आधी शोधते, कारण वरच्या जागी कसंही करून जमतं, खरी परीक्षा खालीच असते.

आधी उचलून नेण्याचं. तुम्हाला का पटत नाही ते मी सांगते. तेरा-चौदा वर्षांची मुलगी आहे. वर्गातल्या पोरांनी सगळ्यांदेखत तिला उचलायचं, हे तिला चालणार आहे का, हे कुणी विचारलं? दुसरं, तिला कमरेखाली कळत नाही. दगडी भिंतीला पाय घासला, घोटा सोलवटला, तर तिला दुखणार नाही आणि रात्री कपडे बदलताना रक्त दिसेल. अशी जखम भरायला महिने लागतात, हे मी भोगलंय. आणि तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. उचलून नेलेल्या माणसाला थांबता येत नाही. एखाद्या खोलीपाशी रेंगाळावंसं वाटलं तरी उचलणाऱ्यांचे हात भरून आलेले दिसतात, मग "झालं माझं बघून, चला" म्हणावं लागतं. ती मुलगी सगळ्यात जास्त प्रश्न घेऊन जाणार आणि सगळ्यात कमी पाहून येणार.

मी गाविलगड वडिलांच्या पाठीवरून पाहिलाय. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं तो घेतला, ती बाजू त्यांनी मला उभं राहून दाखवली. पण ती पाठ माझ्या वडिलांची होती आणि हट्टही माझाच होता. शाळेच्या सहलीत हे दोन्ही नसतं.

आता भुयारांचं. इतक्या जागांबद्दल वाचल्यावर आणि थोड्या पाहिल्यावर माझं एक मत झालंय. भुयार खोदलं तेव्हा त्यातून काय न्यायचं होतं, यावर आज व्हीलचेअर जाईल की नाही ते बरंचसं ठरतं. जिथं नुसती माणसं लपायची किंवा पळायची होती, तिथं चाकाचा विचारच झालेला नाही. व्हिएतनामची कू ची भुयारं घ्या, धडधाकट माणसालाही वाकून, रांगत जावं लागतं. बोस्नियातल्या साराजेव्होचा, वेढ्याच्या काळातला १९९३ चा बोगदा दीडेक मीटर उंच, मीटरभर रुंद. ओकिनावात जपानी नौदलाचं जमिनीखालचं मुख्यालय आहे, तिथं उतरायलाच १०५ पायऱ्या.

पण जिथं जड वस्तू किंवा जखमी माणसं न्यायची होती, तिथं चित्र वेगळं. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी डोंगराच्या पोटात भुयारं खोदून घेतली, पकडून आणलेल्या मजुरांकडून. आधी तोफांच्या दुरुस्तीच्या कारखान्यासाठी बेत होता, पुढं तिथं जखमींसाठी इस्पितळ केलं. म्हणून फरशी सपाट, वाटा रुंद, आणि आज व्हीलचेअर बाहेरून थेट आत जाते. उत्तर फ्रान्समध्ये ला कूपोल नावाची जागा आहे, जर्मनांनी त्यांच्या व्ही-२ रॉकेटसाठी बांधलेली. रॉकेट १४ मीटर लांब, ते रेल्वेनं आत आणायचं, म्हणजे बोगदा केवढा असेल बघा. ज्या मजुरांना राबवून हे खोदलं त्यांचं दुःख त्या सपाट फरशीखाली आहेच, ते पोरांना सांगितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आता तुमच्या बंकरकडे या. तो दारूगोळ्याचा. त्याबद्दल जे छापून आलं त्यात दोन गोष्टी होत्या, माझ्या कायमच्या लक्षात राहिल्या. एक, त्याला २० फूट उंच दार आहे आणि पश्चिमेकडून लांब उतार आहे. पायऱ्या नव्हे, उतार! दुसरी, एका खोलीचं नावच 'शेल लिफ्ट' आहे. म्हणजे गोळा खालून वर चढवायची सोय तेव्हाच केलेली होती. तुमच्या पोरीनं वर्गात जे विचारलं त्याचं उत्तर त्या खोलीच्या दारावर आहे. तिला ते तिच्या डोळ्यांनी पाहू द्या.

पण उतार आहे म्हणजे काम झालं असं समजू नका. तोफगोळ्याच्या गाडीला चालणारा उतार व्हीलचेअरला चालेलच असं नाही. म्हणून फोनवर "व्हीलचेअर चालते का?" असं विचारूच नका. पलीकडचा माणूस "हो हो, या तुम्ही, आमची माणसं आहेत" म्हणेल, आणि त्याच्या मनात उचलणंच असेल. विचारायचं असं: उतार कुठून सुरू होतो आणि किती लांब, पाहुण्यांना त्याच वाटेनं नेतात की दुसऱ्या दारानं, वाटेत उंबरा किंवा पायरी कितवर आणि किती इंचाची, सगळ्यात अरुंद दार किती रुंद. १३ पैकी कोणत्या खोल्यांत चाक जातं आणि कोणत्यांत नाही, हेही. हे सगळं ईमेलवर लिहून मागा. तोंडी उत्तर देणारा माणूस त्या दिवशी रजेवर असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: वीज गेली किंवा धूर झाला तर तिला वर कुठून काढणार? जमिनीखालच्या जागेत आत जाणं हा अर्धाच प्रश्न असतो. आग लागली की लिफ्ट वापरायची नसते. काही भुयारी संग्रहालयांत एका वेळी किती व्हीलचेअर आत सोडायच्या याला मर्यादा असते ती याचमुळं. मला पूर्वी त्याचा राग यायचा, आता येत नाही. ज्या जागेनं हा विचार केलाय तिच्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

लंडनच्या चर्चिल वॉर रूम्समधलं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं जिथून युद्ध चालवलं त्या भुयारी कचेरीतलं सांगते, कारण तिथं मी माझ्या मनानं फिरले. ऑगस्ट १९३९ मध्ये सरकारी इमारतीच्या तळघरात ते सुरू झालं, पुढं वरून बॉम्बपासून बचावाला काँक्रीटचा जाड थर घातला. आता लिफ्टनं खाली जाता येतं. बोळ अरुंद आहेत, गर्दी झाली की कडेला थांबावं लागतं, पण सगळ्या खोल्यांच्या दारापर्यंत खुर्ची जात होती. नकाशाच्या खोलीपाशी मी हवा तितका वेळ बसले. भिंतभर नकाशा, त्यावर टाचण्यांची भोकंच भोकं. जहाजांचे ताफे जिथून जात तिथं कागद पार झिजलेला. एका अधिकाऱ्याच्या टेबलाच्या खणात साखरेचे तीन चौकोनी खडे सापडले होते. रेशनची साखर, जपून ठेवलेली, वर्षानुवर्षं तशीच. ते खडे तिथं ठेवलेत. काच असते, काचेची खालची कड माझ्या डोळ्यांच्या खाली होती, म्हणून दिसले. कड वितभर वर असती तर लिफ्ट असूनही मला फक्त छत दिसलं असतं. म्हणून तेही विचारा, चित्रं आणि फलक बसलेल्या माणसाला दिसतील अशा उंचीवर आहेत का.

दोन गोष्टी तिच्या अंगाच्या, बाईंना वाचायला द्या. गादी चांगली हवी आणि दर अर्ध्या तासानं हात टेकून अंग उचलायचं, सहलीच्या नादात पोरं हे विसरतात. आणि खाली जाण्याआधी स्वच्छतागृह. व्हीलचेअर आत वळेल असं कुठं आहे ते आदल्या दिवशीच माहीत करून घ्या. नाहीतर या मुली काय करतात ठाऊक आहे? सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मी केलंय, आमच्यातल्या बहुतेकींनी केलंय, आणि मग मूत्राशयाचा आजार घेऊन घरी येतो.

---

माजी_हवालदार_बुलडाणा

ताईंनी लिहिलं ते मनाला भिडलं. मी त्यात वळणांची भर घालतो.

लढाईतला खंदक कधी सरळ नसतो. मुद्दाम वाकडातिकडा काढतात, म्हणजे एका तुकड्यात गोळा पडला तर स्फोट सगळीकडे पसरत नाही आणि शत्रूला एका टोकाकडून सरळ गोळीबार करता येत नाही. पहिल्या महायुद्धात याच वळणांवर स्ट्रेचर अडकायचं. कोपरा आला की जखमीला तिरपं करून डोक्यावरून काढावं लागे. बंकरातही स्फोट अडवायला दारासमोर आडवी भिंत घालतात. म्हणून मास्तर, दाराची रुंदी विचाराल तशी वळणाची जागाही विचारा. खुर्ची सरळ गेली पण वळलीच नाही, असं होतं.

नोकरीत मी नागालँडला होतो. कोहिमाचं युद्ध स्मशान मी बरेचदा पाहिलं. १९४४ ची जपान्यांशी लढाई तिथं डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टापाशी झाली, त्या कोर्टाच्या पांढऱ्या रेषा आजही जपून ठेवल्यात. १,४२० कबरी आहेत, शिवाय ज्यांना अग्नी दिला त्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावं वर कोरलेली आहेत. पण सगळं डोंगरउतारावर, पायऱ्यापायऱ्यांचं. पुण्याजवळ खडकीला पॅराप्लेजिक सेंटर आहे, कण्याला मार बसलेल्या सैनिकांचं; तिथं माझा एक जोडीदार राहतो. त्याला मी ते फोनवर दाखवलं, एकेक नाव वाचून. तो दोन तास फोन ठेवू देईना. जिथं खुर्ची जातच नाही तिथं हे तरी करा, पण करायचं तर धड करा, घाईघाईनं फोटो काढून दाखवू नका.

उचलायचं नाही हे पटलं. तरी अडचणीच्या वेळेसाठी सराव करून ठेवा. फौजेत जखमीला उचलताना हुकूम एकच माणूस देतो, बाकी कोणी बोलत नाही. इथं हुकूम त्या मुलीनं द्यावा. तिला कुठं धरायचं, कुठं नाही, हे तिलाच ठाऊक. दोन मोठी माणसं ठरवा, पोरं नको, आणि शाळेच्या ओट्यावर दोनदा करून बघा.

---

रामटेककर

एवढ्या लांब कशाला जाता सर? नगरधनच्या किल्ल्यात जमिनीखाली देवीचं ठाणं आहे, नागपूरपासून जवळ. किल्ल्याची डागडुजीही झाली आहे. खाली पायऱ्या आहेत, पण वरून दिसतं. मुलीला तिथं नेऊन आणा, मुंबईत तिला दुसरं काही दाखवता येईल.

---

परतवाड्याहून

रामटेककर दादा, नगरधन पाहण्यासारखं आहे, वाकाटकांच्या राजधानीची जागा आहे ती, जरूर न्यावं. पण सगळ्या वर्गासोबत न्यावं. "तुझ्यासाठी दुसरं काही" हे ऐकून ऐकून आम्ही मोठे होतो. आधी त्याच जागेचा पूर्ण प्रयत्न होऊ द्या.

---

साईटवरचा_यवतमाळ

मी बांधकाम सुपरवायझर आहे, उताराचं गणित माझं रोजचं, म्हणून लिहितो.

व्हीलचेअरसाठी उतार १ ला १२. म्हणजे १ फूट खाली जायचं तर १२ फूट लांबी. एक मीटर खाली असलेल्या खोलीला १२ मीटर उतार लागतो, आणि मधे दम खायला सपाट टप्पा वेगळा. दार ९० सेंटीमीटर मोकळं हवं. खुर्ची साधारण ६०-६५ सेंटीमीटरची असते, पण चाक फिरवणाऱ्या हातांचे कोपर दोन्ही बाजूंना बाहेर येतात, ते लोक धरतच नाहीत. आणि हवालदार साहेबांनी म्हटलेलं वळण: खुर्ची गोल फिरायला दीड मीटर मोकळी जागा.

जुन्या उतारावर १ ला १२ मिळणं अवघड. तेव्हा एखादा जबाबदार माणूस आधी जाऊन मोजू शकला तर उत्तम. मोठं काही लागत नाही. गवंड्याकडची पाणसळ आणि टेप. चार फुटांची सरळ पट्टी उताराच्या वरच्या टोकाला टेकवा, पाणसळीचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत दुसरं टोक उचला, आणि त्या टोकाखालची उंची मोजा. चार इंच आली तर १ ला १२. सहा आली तर १ ला ८, धडधाकट माणसानं मागून धरलं तर थोडं अंतर चालेल. आठ इंच आली तर १ ला ६, मग दोन माणसं आणि उतरताना खुर्ची उलटी, म्हणजे मुलीची पाठ उताराकडे आणि धरणारा तिच्या मागं, खालच्या बाजूला. तोंड पुढं करून उतरवलं तर ती पुढं घसरते. फरशी ओली असेल तर नेऊच नका. जमिनीखाली ओल असतेच.

एक-दोन पायऱ्यांसाठी लोखंडी पत्र्याचा घडीचा रॅम्प कोणताही वेल्डिंगवाला करून देतो. वरून जाळीदार पत्रा किंवा रबर मारायला सांगा. ऐतिहासिक वास्तूला त्यानं खिळाही लागत नाही, काम झालं की उचलायचा. "पुरातन वास्तू आहे, काही करता येत नाही" हे उत्तर मी फार ऐकलंय. फ्रान्समध्ये आरासला पहिल्या महायुद्धात वापरलेली जुनी खडूची खाण आहे, १९१७ च्या हल्ल्याआधी २४ हजार सैनिक त्या भुयारांत थांबले होते. २००८ मध्ये तिथं काचेची लिफ्ट बसवली, सुमारे २० मीटर खाली नेते. मूळ खडूच्या भिंतींवर सैनिकांनी काढलेली चित्रं जशीच्या तशी आहेत. करायचं म्हटलं तर होतं.

आणि कायदा आपल्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. सार्वजनिक जागा सुगम असाव्यात हे त्यात आहेच, शिवाय ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे निकष नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. ईमेलमध्ये कायद्याचा एक ओळीचा उल्लेख करा. भांडायला नाही, पण वाचणारा फाईल बाजूला सारत नाही.

---

आर्वीचे_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शाळेत जे झालं ते सांगतो.

ताईंचा उचलण्याबद्दलचा मजकूर सहकाऱ्यांना वाचून दाखवला. दोघंही गप्प बसले आणि मग त्यातले एक म्हणाले, "थांबता येत नाही, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं." ते स्वतः येणार आहेत अडचणीच्या वेळी उचलायला, बाईंसोबत. सरावही करू.

मग मुलीशी बोललो. तिच्या आईसमोर. तिनं तीन गोष्टी सांगितल्या. खुर्ची तिला न विचारता कुणी ढकलायची नाही. जिथं जाता येणार नाही ते आधी सांगायचं, तिथं पोचल्यावर नाही. आणि शेल लिफ्टच्या खोलीचं तिला मोजमाप घ्यायचं आहे, परवानगी असेल तर. मग टेप मागून घेतली आणि आईकडून स्वतःची खुर्ची मोजवून घेतली. बाहेरच्या कड्यांसकट २६ इंच. ते आकडे ईमेलमध्ये टाकले आहेत. ताईंनी लिहिलेले सगळे प्रश्न, वळण, काचेची उंची, वर काढायची वाट, सगळं लिहून मुख्याध्यापकांच्या सहीनं पाठवलं.

यवतमाळच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे गावातल्या गवंड्याकडून पाणसळ आणली आणि सहज शाळेच्या दारातला रॅम्प मोजला. चार फुटांना साडेआठ इंच! रोज ती त्या रॅम्पवरून येते, कुणीतरी मागून ढकलतं, आणि कागदावर शाळा सुगम आहे. सोमवारी ग्रामपंचायतीत अर्ज देतो, लांबी वाढवून मागायला.

एकच राहिलं. रेल्वेचं काय करायचं? पुलगावला गाडी जेमतेम थांबते, आणि स्लीपरच्या दारातून खुर्ची जाणार नाही.

---

परतवाड्याहून

स्लीपरच्या आतल्या वाटेतूनही नाही जात. खुर्चीवरून बर्थवर जावंच लागतं. दिव्यांगांचा डबा असतो, दार रुंद, आत खुर्ची वळते, स्वच्छतागृहही त्यामानानं मोठं. तो बहुतेक गाडीच्या टोकाला लागतो आणि बाकी वर्ग मधल्या डब्यात, म्हणजे ती पुन्हा एकटी. म्हणून ज्या बाई तिच्यासोबत राहतील त्यांच्याबरोबर तिच्या एक-दोन मैत्रिणींना बसता येईल का, हे स्टेशनवर आधी विचारा. नियमानं सोबत एकालाच परवानगी असते. नाही म्हणाले तर सवलतीच्या तिकिटावर स्लीपरमध्ये खालचा बर्थ घ्या, तोही दारालगतचा, आणि आत नेताना बाईंनी आणि त्या सरांनी तुमच्या सरावाप्रमाणे न्यावं. खुर्ची घडी करून बर्थखाली जाते का ते आत्ताच घरी खाट मोजून बघा. रेल्वेच्या १३९ वर फोन करून डबा कुठं लागतो ते आदल्या रात्री विचारा, फलाटावर धावाधाव होत नाही.

मुंबईत उतरल्यावर टॅक्सीच्या डिकीत घडीची खुर्ची मावते, पण गॅसची टाकी असेल तर मावत नाही. वर कॅरियर असलेली गाडी बघा आणि सोबत सुती दोरी ठेवा.

आणि तिकडून उत्तर आलं की ते शब्दशः इथं टाका. हो असो की नाही, कोणत्या खोलीत चाक जातं आणि कोणत्या नाही, सगळं. खोल्यांची मापं मिळाली तर तीही. माझ्या केंद्रात येणाऱ्या दोन मुलींना मी आजच सांगितलंय की असा बंकर आहे. त्यातली एक शिरजगावची, कुबड्यांवर चालते, तिला पायऱ्या जमतात पण उतार जमत नाही. तिच्यासाठी तुमच्या ईमेलमध्ये एक प्रश्न वाढवा: उताराच्या कडेला धरायला कठडा आहे का?